एका मुशीतल्या गोळ्या

बाळासो कांबळेला स्वस्थ बसणं जन्मात जमलं नाही. धंदा मात्र असा पदरी पडला होता की बसल्याशिवाय भागायचं नाही. हुपरीतल्या कितीतरी घरांसारखं त्याच्याही घरात चांदीचं काम चाले. शेठकडून चांदी आणायची, पैंजणाच्या कड्या जोडायच्या, डाग देऊन, म्हणजे झाळून, पक्क्या करायच्या आणि वजनाला वजन परत द्यायचं. एवढं नाजूक काम करतानाही त्याचा उजवा पाय सारखा हलत असे. "ह्यांच्या बुडाखाली निखारा ठिवूनच सासूबाईंनी ह्यास्नी जल्माला घातलंय," असं त्याची बायको तानूबाई आल्यागेल्याला सांगायची. बाळासो ते मुकाट ऐकून घ्यायचा, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

पण त्याच्या हातून चांदीची गफलत कधी झाली नाही, हेही सांगायला पाहिजे. दोन शेठांची चांदी घरात असली की दोन ताटं, दोन चिमटे आणि झाकायला दोन फडकी. कारण सगळी चांदी सारखी नसते. एकाची जास्त टंचाची, म्हणजे चोख, दुसऱ्याची कमी. एकाची कडी दुसऱ्याच्या ताटात पडली तरी चटकन कुणाला कळणार नाही, पण बाळासोला त्या दिवशी भाकरी गोड लागायची नाही. गावात त्याला चार लोक मान देत ते एवढ्याचसाठी.

अशा माणसाच्या घरात त्या दोन बाटल्या आल्या आणि बाळासोचा पाय झोपेतसुद्धा हलायला लागला.

बाटल्या गोळ्यांच्या होत्या. एक थोरल्या दीप्तीची, एक धाकट्या बुद्धभूषणची. दीप्ती गावातल्या पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसायची. भूषण डिप्लोमाला होता, आणि डिप्लोमापेक्षा फुटबॉलला जास्त होता. दोघांनाही सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकून बसतात, आणि मग हाडाहाडांतून अशी कळ उठते की मोठी माणसं गुरासारखी ओरडतात. आईबापांच्या रक्तात हा दोष अर्धा अर्धा होता. त्यांना त्याचा काही त्रास नव्हता, किंबहुना पोरं आजारी पडेपर्यंत पत्ताच नव्हता. बाळासोनं ते आपल्या परीनं समजून घेतलं होतं. कुणी विचारलं तर तो सांगायचा, "आमच्या दोघांच्या चांदीत जरा जरा खोट हुती, ती बाजारात खपून गेली. पोरांच्या वाट्याला दोन्हीकडची खोट एकदम आली, बघा."

कोल्हापुरात ज्या दवाखान्यात पोरं लहानपणापासून जात, तिथल्या संयोगिता मॅडमनी ही नवी गोष्ट काढली. सिकलसेलवर एक नवी गोळी आली होती आणि ती खरंच लागू पडते का, याचा अभ्यास चालू व्हायचा होता. जुनी रोजची गोळी चालूच ठेवायची आणि ही तिच्या जोडीला घ्यायची. घरात सगळ्यात आधी तयार झाली दीप्ती. दिलेले कागद तिनं शब्द न् शब्द वाचले, भावाला वाचून दाखवले आणि बापाला म्हणाली, "आबा, कुणीतरी घेतल्याशिवाय ही गोळी खरी का खोटी ते कळणार कसं? आणि आमच्याबिगर दुसरं कोण घेणार?" दोघंही सज्ञान होती. बापाच्या सहीची गरज नव्हती, पण बाप सोबत गेल्याशिवाय राहणार नव्हता.

तिथं कॅमेरा लावून बोलणं झालं. नियमच तसा होता म्हणे. भूषणनं कॅमेऱ्यापुढं बसायचं म्हणून केसांना पाणी लावून भांग पाडला. मॅडम समजावून सांगत होत्या, की निम्म्या लोकांना खरी गोळी मिळेल, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कुठली, ते लॉटरीसारखं ठरतं.

"मग ह्या दोघांत खरी कुणाला?" बाळासोनं मधेच विचारलं.

"मला माहीत नाही. दोघांनाही खरी मिळेल, किंवा दोघांनाही नाही, किंवा एकालाच."

"तुमास्नी ठावं न्हाय, आणि तुमी माझ्या पोरास्नी खायाला घालताय व्हय?"

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला माहीत असलं तर खरी गोळी घेणारा मला उगाचच जास्त बरा दिसायला लागेल, बाळासो. तुम्हालाही दिसेल. म्हणून कुणालाच सांगत नाहीत. फारच अडचण आली, जिवावर बेतलं, तरच तेवढ्या एकाचं उघडून बघता येतं."

मग तेजस्वी नावाची मुलगी आली. अभ्यासाचं सगळं तीच बघायची. तिनं दोन बाटल्या दाखवल्या, प्रत्येकीवर वेगळा नंबर होता. तिनं बजावून सांगितलं, "काका, ही दीप्तीची, ही भूषणची. ह्याची गोळी त्याला गेली तर आम्हाला दोघांनाही अभ्यासातून काढावं लागेल. उरलेल्या गोळ्या आणि रिकामी बाटली दर खेपेला परत आणायची."

"चांदीच्या धंद्यातला हाय मी, पोरी," बाळासो छाती काढून म्हणाला. "मला काय शिकिवतीस?"

झालं. त्या दिवसापासून गोळ्या द्यायचं काम त्यानं स्वतःकडं घेतलं, कारण भूषण स्वतःचं डोकं घरी विसरून कॉलेजला जाणारा. सकाळी बुद्धवंदना झाली की दोघांनी समोर उभं राहायचं आणि बापाच्या हातून आपापली गोळी घ्यायची. पण गोळी हातावर ठेवताना त्याच्या मनात रोज तेच यायचं. ह्यातली खरी कुठली? आयुष्य ज्याचं कस लावण्यात गेलं त्याच्याच घरात दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या, आणि त्याला सांगता येईना की चोख कुठली आणि पोकळ कुठली. जिवाला नुसता घोर लागला.

एकदा न राहवून त्यानं दोन्हीकडची एक एक गोळी चांदीच्या काट्यावर घातली. वजन गुंजभरही इकडं तिकडं नाही. उजेडाला धरून बघितली, भिंग लावून बघितली. नखानं कणभर खरवडून जिभेला लावली, तर दोन्ही सारख्याच कडू. "कंपनीवाले लई बेरकी हैत," तो पुटपुटला. "खोट्याला बी कडू केलंय." दीप्ती दारात उभी राहून हे सगळं बघत होती. ती नुसती हसून आत गेली.

हिवाळा आला. सिकलसेलच्या माणसाला थंडी म्हणजे वैरीण. दर थंडीत भूषण एकदा तरी दवाखान्यात पडायचाच. ह्या थंडीत पडला नाही. उलट खायला लागला, जिना एका दमात चढायला लागला, आणि मित्रांबरोबर कोल्हापूरला जाऊन गॅलरीत घसा फाटेपर्यंत ओरडून मॅच बघून यायला लागला. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर तो बॉलला दोन चार लाथाही मारायचा. "आबा, आपली गोळी ओरिजिनल हाय," असं तो रोज सकाळी गोळी गिळून दंडाची बेटकुळी दाखवत म्हणायचा. दीप्ती म्हणायची, "व्हय बाबा, पैलवान झालास," आणि पाणी पिऊन कामाला जायची.

आणि जानेवारीत दीप्तीच पडली. पहाटेपासून तिचा गुडघा ठणकायला लागला आणि दुपारपर्यंत तिला उभं राहता येईना. कोल्हापूरला नेली, सलाईन लागलं. खरं म्हणजे दर खेपेपेक्षा ती लवकर घरी आली. तानूबाई तसं म्हणालीही. पण बाळासोनं ते कानाआड केलं, सलाईनचा गुण म्हणून सोडून दिलं. त्याच्या डोळ्यासमोर एवढंच राहिलं, की पोरगा नाचतोय आणि पोरगी पडलीय. त्याच्यापुरता निकाल लागला. भूषणची खरी, दीप्तीची पोकळ.

आता त्याला अन्न जाईना. जिनं सगळ्यांना तयार केलं, कागद वाचून दाखवले, तिच्याच वाट्याला खडू यावा? दोन पोरं, एकाला दूध आणि एकीला पांढरं पाणी, आणि ते रोज सकाळी आपण आपल्या हातानं वाढायचं? बाळासो काम टाकून उठायचा, गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा आणि काही कारण नसताना परत यायचा. तानूबाई म्हणायची, "अवं, जरा बसा की. उंबरा झिजला." बसला की पाय हलायचा, पाय हलला की कडी हातातून निसटायची. भूषणची बाटली सरळ दीप्तीला द्यावी, असंही मनात येऊन गेलं. पण मग पोरगा पडेल. एकाच्या तोंडातला घास काढून दुसरीला कसा द्यायचा?

उत्तर सापडलं ते मुशीसमोर. शेठकडचा एक जाणता कारागीर त्या दिवशी चांदी आटवत होता. उरलीसुरली चोख आणि हिणकस एकाच मुशीत टाकली होती, आणि खाली धग धडधडत होती. चोख आणि हिणकस एकत्र आटवली की दोन्हीच्या मधल्या टंचाची चांदी बाहेर येते, हे बाळासोला नवं नव्हतं. पण त्या दिवशी ते बघताना त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळं औषध एकाला कशाला? निम्मं निम्मं दोघांना. भूषण अर्धा बरा राहील, दीप्ती अर्धी बरी होईल, आणि बापाच्या हातून कुणावर अन्याय व्हायचा नाही. समान वाटा. ह्यात वाईट काय हाय, असं त्यानं स्वतःलाच विचारलं, आणि उत्तर द्यायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून ते बरोबरच निघालं.

नव्या खेपेच्या बाटल्या आल्या. पोरं आपापल्या कामाला गेली तसं बाळासोनं ताट काढलं. एकच ताट. दोन्ही बाटल्या त्यात पालथ्या केल्या, दोन्ही हातांनी ढवळून ढवळून एक केल्या, आणि निम्म्या निम्म्या करून परत भरायला लागला. तेवढ्यात तानूबाई पदराला हात पुसत आली.

"काय करालाय?"

"मोजालोय."

मोजणं हा त्याचा धंदाच होता. ती वळून चुलीकडं गेली.

दोन शेठांची चांदी ज्यानं आयुष्यात एका ताटात घेतली नाही, त्यानं आपली दोन पोरं एका ताटात घेतली, आणि त्या दिवशी त्याला भाकरी गोड लागली. कितीतरी दिवसांनी पायही जरा निवांत राहिला.

काही दिवस बरे गेले. दीप्ती कामावर जाऊ लागली. भूषण जरा थकल्यासारखा दिसायचा, पण बाळासोनं ते गृहीतच धरलं होतं. निम्मा वाटा गेल्यावर थोडं तसं होणारच. मग एका रविवारी सकाळी भूषण मोरीतून ओरडत बाहेर आला. अंगभर लालभडक गांधी उठल्या होत्या. बघता बघता ओठ सुजले, डोळे बारीक झाले, आणि घशातून शिट्टी वाजल्यासारखा श्वास यायला लागला. गावातल्या डॉक्टरनं एक इंजेक्शन देऊन, अजिबात थांबू नका, म्हणून सांगितलं. शेजाऱ्याच्या गाडीतून कोल्हापूर गाठेपर्यंत तानूबाईनं पोराचं डोकं मांडीवर धरून ठेवलं होतं आणि बाळासो पुढच्या सीटवर बसून पायानं गाडीचा तळ ठोकत होता.

पोरगा वाचला. दुसऱ्या दिवशी सूज उतरली, तो उठून बसला आणि आईकडं खायला मागू लागला. त्याच्या उशाशी दीप्ती बसली होती. बाळासोला वाटलं, सुटलो. घरी जायचं, दोन्ही बाटल्यांतलं सगळं गटारात ओतायचं, पुढच्या खेपेपासून ज्याची बाटली त्याला. कुणाला कळायचं कारण नाही.

तेवढ्यात संयोगिता मॅडम आल्या. त्यांच्याबरोबर तेजस्वी होती.

"काल जिवावर बेतलं होतं, म्हणून आम्ही भूषणचा नंबर उघडायला लावला," मॅडम म्हणाल्या. "ही ॲलर्जी नव्या गोळीनं आली का, ते कळायला हवं होतं. तर ती नव्या गोळीची नाही. भूषणच्या बाटलीत औषध नव्हतंच. त्याला सुरुवातीपासून रिकामी गोळी होती."

भूषण हसायलाच लागला. "म्हंजे मी खडू खाऊन फुटबॉल खेळत हुतो?" मग त्याचं हसू हळूहळू कमी झालं आणि तो चादरीचं टोक चोळत बसला.

बाळासो खाटेचा दांडा धरून उभा होता. पोकळ गोळी भूषणची. मग खरी?

मॅडम पुढं सांगत होत्या. "म्हणजे दोष दुसऱ्या कशाचा तरी आहे. मला संशय त्याच्या जुन्या गोळीवर आहे. ती आजपासून बंद करू. दुखण्यावरची पण बंद. अशी ॲलर्जी दुसऱ्यांदा आली तर घसा बंद होतो, माणूस हाताला लागत नाही."

"अवं, पर त्या जुन्या गोळीवरच तर त्यो इतकी वर्षं उभा हाय," तानूबाई म्हणाली.

"माहीत आहे, ताई. मलाही ती बंद करायला नको वाटतंय. ती नसली तर दुखणी वाढतील, छातीतही उतरू शकतात. पण इलाज नाही."

बाळासोच्या कानात मूस धडधडायला लागली. गप्प राहावं, तर जी गोळी पोराला तारत होती ती काही चूक नसताना बंद होणार, आणि पुढं कधीतरी पोरगं छाती धरून पडणार. बोलावं, तर दोघंही अभ्यासातून बाहेर. भूषणचं काय, त्याची बाटली पोकळच होती. पण दीप्तीची खरी होती. ते आता मॅडमनी उघडून बघायची गरजच उरली नव्हती. भूषणच्या अंगावर उठलेल्या गांधींनीच ते सांगितलं होतं. काट्यावर कळलं नाही, भिंगातून कळलं नाही, जिभेला कळलं नाही, ते पोराच्या अंगावर घासून कळलं. आणि तोंड उघडलं की पोरीचं ते खरं औषध आजच्या आज तुटणार.

त्यानं दीप्तीकडं बघितलं. ती भावाला पाणी देत होती. त्याला पळून जावंसं वाटलं. जिन्यानं खाली, फाटकातून बाहेर, स्टँडवर, मिळेल त्या एसटीत. पाय नुसते शिवशिवत होते, पण ह्या खेपेला ते जागचे हलले नाहीत.

"मॅडम," तो म्हणाला, "त्याच्या पोटात त्याची गोळी नव्हती."

"म्हणजे?"

"मी दोन्ही बाटल्या एक केल्या हुत्या. एका ताटात घालून. निम्म्या त्याला, निम्म्या हिला. जुनी गोळी बंद करू नगासा, तिची काय चूक न्हाय. चूक माझी हाय."

 तेजस्वीच्या हातातलं पेन तसंच राहिलं. तानूबाई त्याच्याकडं बघतच राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "तवा तुमी मोजालोय म्हणालासा."

 मॅडमनी खुर्ची ओढली, बसल्या, डोळ्यांवरचा चष्मा काढला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाळासोला वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बाळासो, गोळी म्हणजे चांदी नव्हे. ती आटत नाही, अर्धी अर्धी होत नाही. ताटात हात घातला की एक तर पूर्ण खरी हाताला लागते, नाहीतर पूर्ण रिकामी. तुम्ही दीप्तीला काही दिवस औषध दिलंत आणि काही दिवस काढून घेतलंत. आणि ज्याला ते सोसत नव्हतं, त्याला दिलंत." मग चष्मा परत लावून म्हणाल्या, "पण बोललात ते बरं केलंत. नाहीतर मी ह्याची चांगली गोळी बंद केली असती."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं गावात कुणाचं झालं की सगळ्यात मोठ्यानं हसणारा बाळासोच असायचा. आता त्याला ती म्हण आठवली, आणि हसणारं जवळ कुणी नव्हतं याचंसुद्धा त्याला वाईट वाटलं.

पुढं जे व्हायचं ते झालं. मॅडमनी वर कळवलं. दीप्तीसाठी त्यांनी शब्द टाकून बघितला, पण वरून उत्तर आलं, की आता दोघांच्याही रक्तावरून काही ताडून बघता येत नाही, दोघांनाही थांबवा. ती गोळी अजून बाजारात नव्हती. अभ्यास पुरा होणार, सरकार तपासणार, मग कधीतरी येणार. तोवर दीप्तीची जुनी गोळी, आणि जे नशिबात असेल ते. भूषणला जुनी गोळी परत सुरू झाली आणि तो घरी आला. घरी आल्यावर बापाशी तो पहिल्यासारखाच बोलला. जणू काही झालंच नव्हतं असं दाखवायचा त्याचा आटापिटा बघून बाळासोला जास्तच लाज वाटायची. दीप्ती कामापुरतं बोलायची. आबा, जेवायला चला. आबा, शेठचा फोन आलाय.

उरलेल्या गोळ्या परत द्यायच्या होत्या. तेजस्वीनं फोनवर सांगितलं, "काका, ज्याच्या त्याच्या बाटलीत घालून आणा." ती सवयीनं म्हणाली असेल. पण बाळासोनं ते मनावर घेतलं. दुपारी ताट घेऊन तो दारातल्या उजेडात बसला, भिंग डोळ्याला लावलं आणि एक एक गोळी उलटीपालटी करून बघायला लागला. कुठं एखादा चरा, कुठं रंगात फरक. इकडची तिकडं ठेवायचा, परत तिकडची इकडं. तानूबाई दोनदा येऊन बघून गेली. गोळ्या सगळ्या सारख्याच होत्या.

दीप्ती पतसंस्थेतून आली ती जरा पाय ओढतच. चपला काढून ती त्याच्यासमोर भिंतीला टेकून बसली.  मग पुढं होऊन तिनं दोन्ही ढिगारे हातानं एक केले आणि एका पिशवीत भरले.

"ऱ्हाऊ दे, आबा. मी सांगीन त्यास्नी."

बाळासो भिंग हातात धरून तसाच बसला. मग म्हणाला, "दीपे, मला वाटलं तुझी पोकळ हाय. तू पडलीस, त्यो नाचत हुता. मला बघवलं न्हाय गं."

"माझी खरी हाय ते मला ठावं हुतं."

त्यानं मान वर केली.

"जानेवारीत पडलो न्हवं मी, तवाच कळलं," ती म्हणाली. हुपरीत पोरी स्वतःला पोरांसारखंच बोलतात, पडलो, आलो, गेलो. "दर खेपेला कळ गुडघ्यातनं उठती, मांडीतनं कंबरंत जाती, पाठीत चढती. लहानपणापासनं तीच वाट. ह्या खेपेला ती गुडघ्याच्या वर आलीच न्हाय. तिथंच थांबली आणि उतरली. अंथरुणात पडल्या पडल्या मला हसू आलं, आबा. म्हटलं, लागली की लॉटरी."

"मग बोलली का न्हाईस?"

"कसं बोलू? भूषण्या रोज सकाळी बेटकुळी दाखवायचा. त्याला काय सांगू, माझी खरी हाय म्हणून? मग त्यानं रोज माझ्या तोंडाकडं बघितलं असतं." ती पिशवीला गाठ मारत होती. "तुमी गोळी काट्यावर घातलीसा, भिंगातनं बघितलीसा, जिभंला लावलीसा. मी दारात उभा हुतो. मला का इचारलं न्हाईसा?"

 चांदीला कुणी विचारत नाही, ती घासूनच बघायची असते, एवढंच बाळासो शिकला होता. पण पोरीला ते सांगायला त्याची जीभ रेटेना. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला हात वर नेला तर हातात भिंग होतं.

दीप्तीनं पाय लांब केले. "जाऊ दे. जरा गुडघा दाबा. सकाळधरनं ठणकालाय."

त्यानं भिंग बाजूला ठेवलं, सरकून तिच्याजवळ गेला आणि दोन्ही हातांनी गुडघा धरला. दाबायच्या आधी थांबला.

"कुठवर आलंय?" त्यानं विचारलं.

दीप्तीनं हाताचा तळवा मांडीवर ठेवला, गुडघ्याच्या बराच वर.